युक्रेनची युद्धकैदी हेलिकॉप्टर वैमानिक नादिया सावचेन्को हिचं सुटकेनंतर काय झालं?

आधी प्रश्नातच एक दुरुस्ती. वर्तमानपत्रांनी तिला ‘वैमानिक’ करून टाकलं, पण मी-२४ या लढाऊ हेलिकॉप्टरवर ती नॅव्हिगेटर होती, म्हणजे पुढच्या कॉकपिटमध्ये बसून शस्त्रं चालवणारी. आणि पकडली गेली तेव्हा ती हवेत नव्हतीच. जून २०१४ मध्ये पूर्व युक्रेनमधल्या लुहान्स्कजवळ ‘आयदार’ या स्वयंसेवकांच्या बटालियनबरोबर जमिनीवर लढताना ती रशियाधार्जिण्या बंडखोरांच्या हाती लागली.

थोड्याच दिवसांत ती थेट रशियात, व्होरोनेझच्या कोठडीत निघाली. उखळी तोफांचा मारा कुठे करायचा हे तिने सांगितलं आणि त्यात दोन रशियन पत्रकार मेले, असा आरोप होता. वकील म्हणत होते, मोबाइलच्या नोंदी बघा, मारा होण्याआधीच ती पकडली गेली होती. मला मात्र या खटल्यातलं दुसरंच कलम अजब वाटतं. ती सांगत होती की मला जबरदस्तीने सीमेपलीकडे नेलं, आणि रशियाने तिच्यावरच बेकायदा सीमा ओलांडल्याचा गुन्हा लावला! मार्च २०१६ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या वेळी बाई पिंजऱ्यात उभी राहून गात होती.

तोवर मायदेशी तिला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. ऑक्टोबर २०१४ च्या निवडणुकीत माजी पंतप्रधान युलिया तिमोशेन्को यांच्या पक्षाने उमेदवारांच्या यादीत पहिलं नाव तिचंच टाकलं, आणि ती कोठडीतूनच खासदार झाली. मग ८० हून जास्त दिवसांचं उपोषण, ‘युक्रेनचा वीर’ हा सर्वोच्च किताब. २५ मे २०१६ रोजी दोन रशियन कैद्यांच्या बदल्यात ती सुटली आणि कीव्हच्या विमानतळावर अनवाणी उतरली. स्वागताला आणलेली फुलंही तिने घेतली नाहीत.

माझ्या मते तिमोशेन्कोंना यादीवर नाव हवं होतं. ते नाव उद्या स्वतःच्या मनाने वागेल, हा हिशेब कुणी केला नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये तिने बेलारूसची राजधानी मिन्स्कमध्ये बंडखोरांच्या नेत्यांची परस्पर भेट घेतली. कैदी सोडवण्यासाठी गेले होते, असं तिचं म्हणणं. पक्षाने लगेच हात झटकले. मार्च २०१८ मध्ये तर संसदेवर हल्ल्याचा कट रचल्याच्या आरोपावरून तिला अटक झाली. सरकारी वकिलांनी छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण भर सभागृहात दाखवलं. ती म्हणाली, तो सगळा मुद्दाम केलेला बनाव होता. खरं काय ते मी इथे बसून कसं सांगणार? पण वीर किताब मिळालेली ही बाई कीव्हच्या कोठडीतही पुन्हा उपोषणाला बसली होती.

एप्रिल २०१९ मध्ये कोठडीची मुदत संपली आणि ती बाहेर आली. जुलैच्या निवडणुकीत स्वतःच्या बळावर उभी राहिली आणि पडली.