मर्सिडीजची ताकद वाढवायची की आधी चेन बदलायची?

प्रश्न : मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. वय 43, पीथमपूरला नोकरी. महिन्याला हातात 1,15,000 येतात, पत्नी शाळेत शिकवते, तिचे 32,000. घराच्या कर्जाचा हप्ता 38,000, एसआयपी 20,000, घरखर्च साधारण 62,000. मुलगी अकरावीत आहे, तिच्या कोचिंगची पुढच्या वर्षाची फी 1,40,000 एप्रिलमध्ये भरायची आहे. बँकेत 2,20,000 ची मुदत ठेव आहे आणि आता दिवाळीचा बोनस 1,20,000 आला आहे. तीन वर्षांपूर्वी मी 2009 सालची मर्सिडीज सी-200 कॉम्प्रेसर घेतली. लहानपणापासूनची हौस होती. फिटनेस करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, विम्यात गाडीची किंमत 3,60,000 धरली आहे. आता इंजिन ट्यून करायचं मनात आहे. तीन पर्याय मिळाले : इंजिनाच्या संगणकात भरायची, ई-मेलने येणारी तयार फाइल, 38,000. पुण्याला डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी चढवून खास आपल्या गाडीसाठी केलेलं ट्यूनिंग, 82,000. आणि सुपरचार्जरची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाची) लहान पुली, बेल्ट, प्लग आणि फाइल असा पूर्ण संच, 1,90,000. सुरक्षित कोणता? तिसरा घेतला तर क्रेडिट कार्डावर बारा हप्ते करू की ठेव मोडू? वर्षातून दोन-तीनदा सासुरवाडीला डोंबिवलीला जातो, तेव्हा घाटात मजा येईल. गाडी ठणठणीत आहे, सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड येते तेवढीच. गॅरेजवाला चेन बदला म्हणतो, 1,10,000 सांगतो. पण त्याचं काही ना काही चालूच असतं.

उत्तर : नमस्कार. तुमचे पगाराचे आकडे मी नंतर पाहिले. आधी माझी नजर अडली ती त्या खडखडीवर, आणि माझा सगळा सल्ला तिच्यापासूनच सुरू होतो. या वर्षी तिन्ही पर्याय बाजूला ठेवा आणि बोनस चेनला लावा.

तुमच्या गाडीत 1.8 लिटरचं एम271 इंजिन आहे, कंपनीच्या आकड्यांनुसार 184 अश्वशक्तीचं. चांगलं इंजिन आहे, पण त्याची दुखरी जागा जुन्या मर्सिडीजवर काम करणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला पाठ असते. टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी, ताणली जाते आणि कॅमशाफ्टवरच्या ॲडजस्टरचे दाते झिजतात. रात्रभर गाडी उभी राहिली की तेलाचा दाब उतरतो. सकाळी चावी फिरवल्यावर पहिले दोन-तीन सेकंद सैल चेन आपटत राहते, दाब चढला की टेन्शनर तिला ओढून धरतो आणि आवाज बंद होतो. आवाज थांबल्यामुळे मालकाला वाटतं, गाडी ठणठणीत आहे. चेन मात्र तेवढीच सैल असते. झिजलेल्या दात्यांवरून ती सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग 1,10,000 चं काम राहत नाही, हेड उघडावं लागतं किंवा दुसरं इंजिन शोधावं लागतं, आणि तो खर्च गाडीच्या 3,60,000 किमतीच्या जवळपास जाऊ शकतो.

गॅरेजवाल्यावर विश्वास नसेल तर दुसऱ्याकडून खात्री करून घ्या. व्हॉल्व्ह कव्हर उघडायला लावा, क्रँकची पुली खुणेवर आणल्यावर दोन्ही कॅमच्या खुणा जागेवर बसतात का ते स्वतः उभं राहून बघा, आणि ॲडजस्टरच्या दात्यांचा फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या. खुणा सरकलेल्या असतील तर वादच मिटला. नसतील तर तुमचे लाखभर वाचले आणि मला खरंच आनंद होईल. पण लक्षण इतकं ओळखीचं आहे की मी बजेट चेन बदलायची आहे असं धरूनच मांडतो आहे.

आता तुमचा मूळ शब्द, सुरक्षित. पीथमपूरच्या वाहन उद्योगातली बरीच इंजिनिअर मंडळी गेली अनेक वर्षं माझ्याकडे गुंतवणुकीसाठी येतात, त्यामुळे या विषयावर गप्पा खूप झाल्या आहेत. कंपनी इंजिन बनवते तेव्हा वाईटात वाईट दिवस डोळ्यांपुढे ठेवते : मे महिन्यातली दुपार, हलकं पेट्रोल, बदलायला उशीर झालेलं ऑइल, चढावर भरलेली गाडी. त्या दिवसासाठी थोडी ताकद राखून ठेवलेली असते. ट्यूनर जे विकतो ते हीच राखीव ताकद. घरात आपण सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवतो तशी ही इंजिनाची आकस्मिक गंगाजळी आहे. थोडी काढली तर चालतं, पण काढण्याआधी ती शिल्लक आहे का ते बघावं लागतं. सोळा-सतरा वर्षं चाललेल्या इंजिनात ती किती उरली आहे हे ई-मेलने येणाऱ्या फाइलला कळणार कसं? म्हणून 38,000 चा पर्याय मी पहिल्यांदा खोडतो. तुमचे इंजेक्टर किती स्वच्छ आहेत, गाडीतल्या इंधन पंपाचा दाब किती आहे, इंटरकूलर आत जाणारी हवा किती गार ठेवतो, यातलं काहीच न मोजता ती फाइल गाडीत जाते. तिन्हीत सर्वांत स्वस्त असूनही सर्वांत मोठी जोखीम तीच आहे.

पुलीचा पर्याय तुम्हाला सर्वांत जास्त खुणावतो आहे हे पत्रातून दिसतं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो. सुपरचार्जर बेल्टवर फिरतो. पुली लहान केली की तो जास्त वेगाने फिरतो, जास्त हवा कोंबतो, आणि कोंबलेली हवा तापते. गरम हवेने नॉकिंग होतं, म्हणजे ठिणगीने पेटलेल्या ज्वाळेआधीच उरलेलं मिश्रण स्वतःहून भडकतं. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि इंजिनाचा संगणक टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो, त्यामुळे उन्हाळ्यात वाढीव ताकदीतला बराच भाग मिळतच नाही. ट्यूनरने सेन्सरची संवेदनशीलता कमी करून ठेवली असेल तर टायमिंग मागे येत नाही, पिस्टन फुटतो. शिवाय जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं, आणि इथे एक नवीन अडचण आहे. आता आपल्या पंपांवर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 किलो, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरला शुद्ध पेट्रोलच्या मानाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन आधीच सोडावं लागतं आहे. इंजेक्टरची जी मोकळीक पुलीला वापरायची, ती इथेनॉलने थोडी खाल्ली आहे. तुमची गाडी अशा पेट्रोलचा विचार होण्याच्या कितीतरी आधीची आहे. रबरी नळ्या आणि इंधन पंपाची तपासणीही चेनच्या कामाबरोबरच उरकून घ्या.

आणि डोंबिवलीचा रस्ता. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. पुणंही जवळपास तेवढ्याच उंचीवर. इथे किंवा पुण्यात शेवटच्या टोकापर्यंत ताणलेलं ट्यूनिंग घेऊन तुम्ही कसारा घाट उतरलात की हवा दाट होते, इंजिनावरचा भार वाढतो, वर किनाऱ्याचा दमटपणा आणि ट्रॅफिकची गरमी. परत येताना चार माणसं, सामान आणि बिजासन घाटाचा चढ. एप्रिल-मेमध्ये सेंधव्याला काय ऊन असतं ते तुम्हाला सांगायला नको. डायनोवर डिसेंबरच्या सकाळी पंखा लावून काढलेला आकडा या प्रवासात उपयोगाचा नाही.

विम्याचं तर स्पष्टच सांगतो. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाहीत, त्यामुळे फुटलेल्या इंजिनाचा एक रुपयाही मिळणार नाही. इंजिनासाठी जी वेगळी ॲड-ऑन मिळतात ती मुख्यतः पाणी शिरण्यासारख्या प्रसंगांसाठी, आणि इतक्या जुन्या गाडीला सहसा देतही नाहीत. अपघात झाला आणि सर्व्हेअरला न कळवलेला बदल सापडला, तर क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं. समोरच्याला भरपाई द्यावी लागली तरी अटींचा भंग ठरल्यास ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. कायदाही पाहून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-ए मध्ये विनापरवाना बदलासाठी प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. फाइल बाहेरून दिसत नाही, कुणी विचारत नाही, असं ट्यूनर सांगतील. रस्त्यावरचा पोलीस विचारणारही नाही. मोठा क्लेम आला की विमा कंपनी नक्की विचारते, आणि तेव्हा पणाला लागलेली रक्कम तुमच्या घराच्या किमतीएवढी असू शकते.

आता पैसे. तुमच्या घरात 1,47,000 येतात, 1,20,000 जातात, 27,000 उरतात. चांगली घडी बसवली आहे तुम्ही दोघांनी. कमजोर बाजू एकच, घरखर्च आणि हप्ता मिळून महिना एक लाख, म्हणजे सहा महिन्यांची सोय 6,00,000 हवी, आणि हाताशी आहेत 2,20,000. ती ठेव मोडायचा विचार मनातून काढून टाका.

कार्डाचे हप्ते? समजा 16 टक्के दर लागला, तर 1,90,000 चा महिन्याचा हप्ता 17,240 च्या आसपास बसतो. वर्षाचं व्याज जवळजवळ 17,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 3,000, प्रोसेसिंग फी निराळी. उरणाऱ्या 27,000 पैकी दहा हजारही शिल्लक राहत नाहीत, आणि एप्रिलमध्ये कोचिंगची फी दारात उभी. मग ठेव मोडलीच म्हणून समजा.

त्याऐवजी असं करा. बोनसमधून 1,10,000 चेन आणि ॲडजस्टरला, उरलेले 10,000 बाजूला. नोव्हेंबर ते मार्च दरमहा 27,000 रिकरिंगमध्ये टाकले की 1,35,000 होतात, त्या दहा हजारांसकट एप्रिलची फी निघते आणि ठेवीला हात लागत नाही. एप्रिलनंतर 27,000 पैकी 17,000 घराच्या आकस्मिक निधीत, 10,000 गाडीच्या वेगळ्या खात्यात. एसआयपी थांबवू नका. हेच 82,000 वीस वर्षं गुंतवले तर किती होतील हा हिशोब मी मुद्दाम मांडत नाही. हौसेला पैसे लावण्यात काही चुकीचं नाही, तुम्ही कष्टाने कमावलेत आणि या गाडीवर तुमचा जीव आहे. माझं म्हणणं इतकंच की हौसेचे पैसे मुलीच्या फीच्या खिशातून येऊ नयेत.

पुढच्या दिवाळीला गाडीच्या खात्यात 60,000-70,000 असतील. तेव्हाही ट्यूनिंगची इच्छा कायम असेल तर तिन्हींतला फक्त दुसरा पर्याय, मूळ पुली ठेवून, डायनोवर. आधी विमा कंपनीला ई-मेल करून बदल लेखी कळवा आणि पॉलिसीवर तशी नोंद मिळते का ते बघा, आरटीओतही विचारा. दोन्हीकडून नकार आला तर माझं उत्तर नाही असंच राहील. होकार आला तर ट्यूनरकडे ताकदीचा आकडा मागू नका, लॉग, म्हणजे टेस्टच्या वेळच्या नोंदी, मागा. त्यात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत : फुल थ्रॉटलला लॅम्डा (इंधन पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या मानाने मिळालेली हवा) 0.80 ते 0.85 च्या दरम्यान, इंजेक्टर ड्यूटी (मिळणाऱ्या वेळापैकी इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) 85 टक्क्यांच्या आत, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, आणि नॉकिंगमुळे प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे घ्यावं लागलं. एअर-फ्युएलचा आकडा दाखवला तर लॅम्डातच मागा, इथेनॉलच्या पेट्रोलवर 14.7 चं जुनं माप फसवतं. टेस्ट तुमच्या रोजच्या पंपाच्या पेट्रोलवर करायला लावा. 100 ऑक्टेनच्या खास पेट्रोलवर बसवलेलं ट्यूनिंग घेतलं तर सेंधवा-धुळ्याच्या मधल्या पंपावर टाकी भरताना पंचाईत होईल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढायला सांगणाऱ्याकडून तिथल्या तिथे परत या, पीयूसी आणि पुढच्या फिटनेसला ते महागात पडतं. मूळ फाइलची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या, विकताना लागेल.

चेन, नवे प्लग, ताजं ऑइल, स्वच्छ इंटरकूलर आणि गिअरबॉक्सचं तेल, एवढं झालं की थकलेलं इंजिन पुन्हा आपल्या 184 च्या जवळ येतं. बहुतेक मालकांनी आपल्या गाडीचे ते मूळ घोडे कधी पूर्ण अनुभवलेलेच नसतात. काम झाल्यावर एकदा मानपूरचा घाट चढून बघा, आणि कव्हर उघडल्यावर खुणा कुठे निघाल्या ते मला जरूर कळवा. चेन शाबूत निघाली तर बोनसची मांडणी आपल्याला नव्याने करावी लागेल.