हात नाही, धार बघा

प्रश्न: नमस्कार. दोन महिने झाले लाकूड कोरायला शिकतोय. बारा पटाश्यांचा सेट मागवला आणि घरात पडलेल्या जुन्या सागवानी तुकड्यावर छोटा पक्षी करायला घेतला. पण लाकूड कापलं न जाता फाटतंच, चोच दोनदा तुटली, वर अंगठ्याला लागलं ते वेगळंच. माझा हातच या कामाचा नाही का?

उत्तर: हाताला कशाला बोल लावताय, आधी धार बघा! नवीन पटाशी बऱ्याचदा कोरण्याएवढी धारदार नसतेच, ती आपल्याला करून घ्यावी लागते. मऊ लाकडाचा तुकडा घ्या आणि त्याच्या टोकाच्या आडव्या छेदावर एक काप मारून बघा. काप गुळगुळीत, चकचकीत आला तर धार आहे, चुरा झाला किंवा पांढऱ्या रेघा उमटल्या तर नाही. एका फळीला चामड्याची पट्टी चिकटवा, तिला हिरवी पॉलिश पेस्ट चोळा आणि पातं मागे ओढत दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस वेळा घासा. पातं पुढे ढकललंत तर चामडंच कापाल, आणि शेवटी मनगट उचललंत तर धार गोल होते (हे मी वर्षभर करत होतो आणि लाकडाला शिव्या घालत होतो). काम करताना दर अर्ध्या तासाने हे करायचं, कंटाळा आला तरी. बोथट पातं जोर मागतं, जोर लावला की सटकतं आणि मग अंगठा. धरणाऱ्या हातात कट-प्रूफ ग्लोव्ह घालाच, पण टोक घुसलं तर तो वाचवत नाही, म्हणून पात्याच्या वाटेत बोट नकोच.

आता ग्रेन, म्हणजे लाकडाच्या रेषा. काप नेहमी उतारावर जायला हवा. पक्ष्याची पाठ करताना सगळ्यात उंच जागेपासून दोन्हीकडे खाली यायचं, मानेच्या खोलगट जागी दोन्ही बाजूंनी खाली येऊन तळाशी थांबायचं, पलीकडे चढायला गेलात की पातं रेषांखाली घुसतं आणि ढलपीच निघते. चोच का तुटली ते न बघताही सांगतो, रेषा बहुतेक चोचीला आडव्या असतील. चित्र काढतानाच चोचीची लांबी रेषांच्या दिशेने ठेवा आणि चोच सगळ्यात शेवटी बारीक करा.

आणि सागवान सध्या बाजूला ठेवा, वाईट म्हणून नाही, सुरुवातीला जड जातं म्हणून. बासवुड घ्या, मऊ आणि एकसारखं असतं. बाल्सा त्याहून मऊ, पण तो कापण्याआधी दबतो. बारा पटाश्या पण राहू देत, दीड इंच पात्याच्या एका चाकूवर पहिले तीन-चार पक्षी सहज होतात.

प्रश्न: गोल पटाशीवर ३/१०, ९/६ असं लिहिलेलं असतं, ते काय?

उत्तर: पहिला आकडा गोलाईचा, दुसरा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. ३ म्हणजे जवळजवळ सपाट, ९ म्हणजे साधारण अर्धवर्तुळ. कंपनी बदलली की गोलाईत थोडा फरक पडतो. एकच घ्यायची असेल तर मी आधी ३ घेईन, तिने उथळ खोदणंही होतं आणि पृष्ठभाग साफही होतो.

प्रश्न: ताज्या तोडलेल्या फांदीची बाहुली कोरली, लगेच जवसाचं तेल लावलं, तरी दोन दिवसांत उभी चीर गेली. का?

उत्तर: फांदीचा गाभा आत राहिला ना! लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जास्त आक्रसतं, गाभ्याकडे त्याच्या साधारण निम्मंच, मग ताण कुठेतरी फुटणारच. फांदी उभी चिरून गाभा काढून टाका, आकार थोडा जाड ठेवून कोरा आणि आठवडा-दोन आठवडे ढलप्यांसकट कागदी पिशवीत ठेवा म्हणजे सावकाश वाळेल. बारीक काम आणि तेल त्यानंतर. सँडपेपर मारलाच तर कोरणं पूर्ण संपल्यावर, नाहीतर लाकडात अडकलेले कण धार खातात.

बरं झालं तेलाचा विषय काढलात. जवसाच्या तेलाचा बोळा करून टाकलेलं फडकं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, खरंच. मोकळं पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.