लहान मुलांना बर्फाने चित्र रंगवायला द्यायचे असल्यास तयारी कशी करावी?

बर्फाच्या ट्रेमधील खणांत पाणी भरून प्रत्येकात खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंब घालावेत, ट्रेवर फॉइल ताणून बसवावे आणि त्याला बारीक चिरा पाडून आइस्क्रीमच्या काड्या उभ्या खोचाव्यात, म्हणजे पाणी गोठेपर्यंत त्या कलंडत नाहीत. रात्रभर गोठवलेला ट्रे बाहेर काढल्यावर पाचेक मिनिटे थांबावे, कारण फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ ओल्या बोटांना चिकटतो आणि कागदावर त्याचा रंगही नीट उतरत नाही. कागद जाड, कार्ट्रिजचाच घ्यावा. वहीचा कागद भिजून फाटतो. पिवळ्या रेघेवरून निळा बर्फ फिरवला की तिथे हिरवा ओघळ उमटतो, आणि थोड्याच वेळात मूल काडी सोडून बर्फ थेट मुठीत धरू लागते. अशा वेळी त्याला अडवू नये, कारण हाताला लागणारा गारवा, बर्फाचे निसटणे आणि वितळणे यांतच त्याचा खरा आनंद असतो. बीटचा रस किंवा हळदीचे पाणीही चालते, मात्र हळदीचे डाग कपड्यांवरून सहज निघत नाहीत. तीन वर्षांखालील मुले बर्फ तोंडात घालतात आणि लहान तुकडा घशात अडकू शकतो, म्हणून त्यांना वाटीत गोठवलेला मोठा तुकडा द्यावा व मोठ्या माणसाने शेजारीच बसून राहावे.