गोळ्या लागू पडल्या, माणूस मात्र गप्प

प्रश्न : मिस्टरांना (वय 42, वजन 48 किलो) फुप्फुसाचा टीबी निघाला. ते अंबड एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करतात. सरकारी गोळ्या सुरू होऊन 24 दिवस झाले. ताप गेला, खोकला कमी झाला. पण सकाळी तीन गोळ्या घेतल्या की मळमळतं, लघवी केशरी होते. सासूबाईंनी ताट-वाटी वेगळी केल्यापासून ते कुणाशी धड बोलत नाहीत. कामावर कधी जाता येईल?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आधी ताट-वाटी एकत्र करा. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. लागू पडणारी औषधं नियमित घेतली, की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल असू द्या, एवढं पुरे. हे सासूबाईंना आशाताईंकडून सांगवा. सुनेचं ऐकतीलच असं नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. आजार नसलेल्यांना प्रतिबंधक गोळ्या मिळतात.

गप्प राहणं मात्र 'होईल कमी' म्हणून सोडू नका. ताप हटला तरी मन मागेच राहतं, आणि क्वचित गोळ्यांतल्या आयसोनियाझिड या औषधामुळेही मनःस्थिती बिघडते. झोप उडाली, जेवण टाकलं, तर डॉक्टरांना तेही सांगा.

केशरी रंग गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा. घामालाही तो येतो, पांढरं बनियन डागाळतं, अपाय नाही. गोळ्या उपाशीपोटी चांगल्या शोषल्या जातात, पण मळमळीपायी त्या चुकत असतील तर चार घास पोहे खाऊन घेतलेल्या बऱ्या. तिन्ही एकाच वेळी घ्यायच्या. सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा वाटायच्या नाहीत. ॲसिडिटीचं औषध त्याच वेळी नको.

खरी भीती यकृताची, आणि इथेच फसगत होते: लघवी आधीच केशरी असल्याने कावीळ झाकली जाते. म्हणून रोज उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पिवळा दिसला, उलट्या थांबेनात किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी केंद्रात जा. दारू पूर्ण बंद.

त्यांच्या कामात आणखी एक गोष्ट. गोळ्यांतलं इथॅमब्युटॉल हे औषध कोर्सचे सहाही महिने चालतं आणि क्वचित डोळ्याच्या नसेवर परिणाम करतं. लाल-हिरव्यातला फरक पुसट होतो. वायरमनला हे परवडणारं नाही. लाल आणि हिरव्या वायरचा एकेक तुकडा घरी ठेवा. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून रंग ओळखायला सांगा. रंग फिके वाटले किंवा अक्षर अंधूक दिसलं, तर लगेच कळवा. पायांना मुंग्या आल्या तर बी-6 जीवनसत्त्वाची गोळी मिळते.

कामाचं म्हणाल, तर खोकला थांबून अंगात ताकद आली की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जाता येईल. सुरुवातीला बसून करायचं काम, दिवसपाळी. दोन महिन्यांनी थुंकी तपासतात. पुढचे चार महिने गोळ्यांतलं चौथं औषध, पायराझिनामाइड, वगळून बाकीची तीन औषधं. वजन बरंच वाढलं तर गोळ्यांची संख्या बदलते, म्हणून दर महिन्याला वजन करा.

निक्षय पोषण या टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेचे महिना 1000 रुपये थेट खात्यात येतात (नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 होते). खातं बंद पडलेलं किंवा आधारशी न जोडलेलं असेल तर पैसे अडकतात. आधी पासबुक बघा. अंडी, मटकीची उसळ, शेंगदाणे यांवर ते खर्चा.

प्रश्न : कोर्स संपून आठ महिने झाले. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना धाप लागते. टीबी उलटला का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : उलटलाच असं नाही. फुप्फुसावर व्रण राहिले तरी दम लागतो. पण अंदाजावर राहू नका. थुंकी आणि एक्स-रे करा. कोर्सनंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी असते, तुमची पहिली झाली का ते बघा. टीबी नसेल तर फुंकून श्वासाची तपासणी करून घ्या. बिडी-सिगारेट सोडा आणि सध्या सपाटीवर चाला. पायऱ्या नंतर.