इंग्लंडमध्ये गवती छपराचं जुनं कोठार घेऊन पब काढायचा आहे; सगळ्यात आधी काय पाहावं?

तुमच्या भावाने नॉरफकमधलं कोठार पाहून ठेवलंय, बार कुठे आणि किचन कुठे इथपर्यंत बेत गेलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी इकडे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे करते. माझं स्पष्ट मत: किचन कोठारात नकोच.

गवती छप्पर पाणी आत शिरू नये म्हणूनच शाकारलेलं असतं. आग लागली की हाच गुण उलटतो. बंबाचं पाणी वरून ओघळून जातं, आत गवत धुमसत राहतं आणि शेवटी छप्परच उपसून काढावं लागतं. त्यातून फ्रायरचा तेलकट धूर नेणारी नळी काढायची? लंडनमध्ये १६६६ च्या आगीनंतर गवती छप्पर थेट १९९७ मध्ये खुल्या झालेल्या ग्लोब थिएटरवर चढलं, तेही पाण्याच्या फवाऱ्यांची सोय करून.

म्हणून शेजारी कौलारू गोठा असेल तर किचन, भांडी, शौचालयं सगळं तिकडे न्या आणि मध्ये काचेची बोळ काढा. कोठाराचं पोट मोकळं राहील, आणि खरी शान तीच. समोरासमोरच्या दोन अवाढव्य दारांमधल्या खळ्यावर मळणी व्हायची आणि आरपार वाऱ्यावर उफणणी. त्या दारांना काच बसवली की उजेडाचा प्रश्न बराचसा सुटतो. छपरात खिडक्या पाडायला कौन्सिलचा वारसा अधिकारी बहुधा नाहीच म्हणेल, आणि माझ्या मते बरोबरच म्हणेल. लाकडाच्या शेकोटीचा मोह गिऱ्हाइकांना असतो, तुम्ही टाळा; चुन्याच्या कोब्याखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवा. तुळया घासूनपुसून चकचकीत करू नका, त्यांवर जुन्या सुतारांनी जोडणीसाठी कोरलेले रोमन आकडे असतात.

आता वटवाघळं. हसू नका, इंग्लंडमध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून वेळापत्रक तीच ठरवतात. पहिल्या भेटीतच जमिनीवरच्या लेंड्या बघा. हातमोजा घालून चुरडल्या आणि भुगा होऊन त्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार तुकडे दिसले, तर वटवाघूळ. उंदराची लेंडी अशी भुगा होत नाही. संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळं मोजायचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. तो हुकला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा. नॉरफकमध्येच पॅस्टनचं १५८१ चं गवती कोठार आहे. तिथे बार्बास्टेल जातीच्या माद्या पिल्लं वाढवतात, म्हणून ते संरक्षित क्षेत्र आहे. तसं काही निघालं तर पबचं नाव विसरा.

कोठार लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीत नोंदलेलं असेल तर परवानगीशिवाय बदल करणं हा १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम निस्तरायची नोटीसही नव्या मालकाच्या गळ्यात पडते, तेव्हा वकिलाकडून जुने परवाने तपासून घ्या. वापर बदलायची परवानगी वेगळी आणि दारूचा परवाना त्याहून वेगळा.

छप्पर कशाचं आहे तेही विचारा. नॉरफकचं पाणवेताचं छप्पर नीट शाकारलं तर पन्नासेक वर्षं टिकतं, पेंढ्याचं बहुधा त्याहून बरंच कमी. आढ्यावरचा थर मात्र दोन्हींत दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागतो. आणि बयाणा देण्याआधी विमा कंपनीकडून लेखी आकडा मागवा, ‘गवती छप्पर, व्यावसायिक वापर’ असं स्वच्छ सांगून.