उभं राहायचंय, पण सगळ्यांना कळेल

"मॅडम, मला निवडणुकीला उभं राहायचंय. पण उभा राहिलो की सगळ्यांना कळणार." ट्रान्स, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा ज्यांची स्वतःची ओळख वेगळी आहे अशा विद्यार्थ्यांकडून ही काळजी मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकते. विद्यापीठात ट्रान्स विद्यार्थ्यांसाठी प्रतिनिधीची जागा निघते, मित्रमैत्रिणी म्हणतात तूच उभा राहा, आणि ज्याला काम करण्याची मनापासून इच्छा आहे त्याचीच झोप उडते. खरं तर इथे दोन निर्णय आहेत. एक, उमेदवारी करायची की नाही. दुसरा, आपल्याबद्दल कुणाला, कधी आणि किती सांगायचं. एरवी हे दोन्ही सावकाश, वेगवेगळे घेता येतात. उमेदवारी अर्ज मात्र दोन्ही एकाच तारखेला उरकायला लावतो.

एका विद्यार्थ्याबरोबर मी या सगळ्यातून गेले. त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते इथे मांडते आहे.

तो ट्रान्स पुरुष, पदव्युत्तर वर्गात शिकणारा. वर्गातले मित्र त्याला त्याने स्वतः निवडलेल्या नावाने हाक मारायचे. कागदोपत्री मात्र जन्माच्या वेळी ठेवलेलं मुलीचंच नाव. घरी फक्त मोठ्या बहिणीला माहीत होतं. पहिल्या भेटीत त्याने अर्ज माझ्यासमोर टेबलावर ठेवला. विभाग, वर्ष, हजेरी, सूचकाची सही, सगळं भरलेलं होतं. नावाचा रकाना तेवढा कोरा. त्याच्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'ओळखपत्राप्रमाणे'.

छाननीनंतर वैध उमेदवारांची यादी सूचनाफलकावर लागते, तेच नाव मतपत्रिकेवर जातं. म्हणजे ट्रान्स विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी व्हायचं, तर जे नाव मागे टाकायला इतकी वर्षं लागली तेच आधी सगळ्या विद्यापीठासमोर टांगायचं! त्याची घालमेल तिथेच होती, आणि ती अगदी रास्त होती. अशा वेळी "घाबरू नकोस, काही होत नाही" असं म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. काही तरी होऊ शकतं. म्हणून भीती घालवण्याच्या मागे न लागता, कुठली भीती खरी आणि कुठली फक्त मनात वाढलेली, एवढं आम्ही आधी वेगळं काढलं.

त्यासाठी मी त्याला एक कोरा कागद दिला आणि तीन याद्या करायला सांगितल्या. ज्यांना हे माझ्याच तोंडून आधी कळायला हवं अशी माणसं. ज्यांना फलकावरून कळलं तरी हरकत नाही अशी. आणि ज्यांना आत्ता कळता कामा नये अशी. मधली यादी भराभर लांबत गेली. प्राध्यापक, वर्गातली बाकीची मुलं, खानावळीतले ओळखीचे. ते लिहिताना त्याचा चेहरा सैल झालेला मला दिसत होता. तिसऱ्या यादीत एकच शब्द होता, 'पप्पा'. 'आई' त्याने आधी तिथेच लिहिलं, खोडलं, आणि बराच वेळ कुठेच लिहिलं नाही.

ही तिसरी यादी फार गांभीर्याने घ्यायला हवी. पोस्टरचा फोटो निघतो, ग्रुपवर जातो, ग्रुपमधल्या कुणाचा तरी चुलतभाऊ आपल्या गावचा निघतो. 'घरी कळणारच नाही' या भरवशावर उमेदवारी करू नये. फी आणि राहण्याचा खर्च घरून येत असेल, घरी मारहाणीची किंवा शिक्षण बंद करण्याची शक्यता असेल, तर अर्जाआधी वेगळी तयारी लागते. मूळ गुणपत्रिका, आधार, बँकेचं पासबुक आपल्या ताब्यात आहे का? काही महिने भागेल इतके पैसे आहेत का? रात्री-अपरात्री ज्याच्या दारात जाता येईल असं कुणी आहे का? याची उत्तरं 'नाही' येत असतील तर मी स्पष्ट सांगते, या वर्षी उभा राहू नकोस. जाहीरनामा लिही, दुसऱ्या उमेदवाराचा प्रचार कर, मागण्या तयार कर. त्यात पळपुटेपणा काही नाही. प्रतिनिधीची जागा पुढच्या वर्षीही निघेल. तुटलेलं शिक्षण पुन्हा सुरू करणं फार अवघड असतं.

त्याच्या बाबतीत बहिणीने भार उचलला. "वेळ आली तर माझ्याकडे राहा," असं तिने स्वच्छ सांगितलं. आई शेवटी पहिल्या यादीत आली. बहीण शेजारी बसलेली असताना त्याने आईला सांगितलं. आई खूप वेळ गप्प राहिली आणि मग, "पप्पांना इतक्यात नको सांगूस," एवढंच म्हणाली. याला स्वीकार म्हणायचं का, हे त्याला ठरवता येईना. मला वाटतं, पहिल्या दिवशी एवढं पुरेसं असतं.

नावाचं काम त्या मानाने सोपं झालं. त्याने निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला: ओळख पटवायला नोंदणी क्रमांक आहेच, तेव्हा यादीत आणि मतपत्रिकेवर वापरातलं नाव छापावं. त्यांनी विभागप्रमुखांचं पत्र मागितलं आणि मान्य केलं. सगळीकडे इतकं सरळ होईलच असं नाही. म्हणून विचारायचं ते अर्ज भरण्याआधी, आणि उत्तर लेखीच घ्यायचं. नाव आणि लिंगाच्या रकान्यावर अर्ज अडणं नवीन नाही. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज, त्या ट्रान्स आहेत आणि जागा महिलांसाठी राखीव आहे म्हणून छाननीत फेटाळला गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना त्याच जागेवरून लढू दिलं आणि त्या निवडूनही आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातल्या निकालाचा आधार तिथे कामी आला. आपलं लिंग कोणतं हे आपण स्वतः ठरवण्याचा हक्क त्या निकालाने मान्य केला होता. आमच्या विद्यार्थ्याने आपल्या अर्जात या निकालाचा उल्लेख केला होता.

मग दुसरी काळजी वर आली. माझ्या मते ती पहिलीपेक्षा खोल होती. "मी सगळ्यांचा प्रतिनिधी कसा होणार? ट्रान्स मुलींचं वेगळं, हिजडा समाजातून आलेल्यांचं वेगळं. मला त्यातलं काय माहीत?" मी म्हटलं, "नाही ना माहीत, मग विचारून ये." तो खरंच गेला. पहिल्या वर्षाच्या एका ट्रान्स मुलीने त्याला जे ऐकवलं, त्याचा विचार ना त्याने केला होता ना मी. ती म्हणाली, "दादा, मी तुला मत देऊ शकत नाही. मत द्यायचं तर ट्रान्स मतदारांच्या यादीत नाव घालावं लागेल. ती यादी कुणाच्या कपाटात राहणार?"

या एका प्रश्नाने निवडणुकीकडे बघण्याची त्याची दृष्टी बदलली. राखीव जागेसाठी फक्त ट्रान्स विद्यार्थ्यांनी मत द्यायचं ठरलं, तर मतदारयादी हाच सर्वांत मोठा धोका ठरतो. सगळ्या विद्यार्थ्यांनी मत द्यायचं ठरलं, तर ज्यांचा प्रश्न आहे त्यांचा आवाज बहुमतात बुडू शकतो. दोन्हीकडे अडचण आहेच. त्याचा कल दुसऱ्या पद्धतीकडे झुकला: मतदान सगळ्यांचं, पण वर्षभर ट्रान्स विद्यार्थ्यांशी नाव न विचारता सल्लामसलत करणं प्रतिनिधीला बंधनकारक. ही त्याच्या जाहीरनाम्यातली पहिली मागणी झाली. वसतिगृहातल्या खोल्या, स्वच्छतागृहं, गुणपत्रिकेवरचं नाव हे सगळं नंतर आलं. "मी पुरेसा ट्रान्स आहे का" हा प्रश्न मात्र त्यानंतर त्याच्या बोलण्यात आला नाही. हातात काम होतं.

तिसरी तयारी बोलण्याची. सभेत कुणीतरी विचारणारच, "ऑपरेशन झालंय का?" सरावासाठी आमच्या भेटीत मी तो प्रश्न विचारणारी झाले. पहिल्यांदा तो अडखळत सगळं सांगत सुटला. उपचार, डॉक्टर, लहानपण. मी त्याला थांबवलं, पुन्हा विचारलं, पुन्हा थांबवलं. शेवटी उत्तर एवढंच उरलं: "तो माझा खासगी प्रश्न आहे. वसतिगृहाबद्दल विचारा, त्याचं उत्तर देतो." आवाज न चढवता, विचारणाऱ्याकडे बघून. मतदाराला तुमच्या मागण्या ऐकण्याचा हक्क आहे, तुमच्या शरीराचा इतिहास ऐकण्याचा नाही. ज्यांना आपली कहाणी सांगावीशी वाटते त्यांनी जरूर सांगावी, पण उमेदवारीची किंमत म्हणून नव्हे.

इथे नियमही बाजूचे आहेत. विद्यार्थी निवडणुकांबाबत लिंगडोह समितीने केलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केलेल्या शिफारशींत साफ म्हटलं आहे, की टीका प्रतिस्पर्ध्याच्या धोरणांवर आणि कामावर करावी, त्याच्या खासगी आयुष्यावर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीने ट्रान्स असण्यावरून होणारा छळही आला आहे. प्रचार सुरू होण्याआधीच हे दोन्ही कागद त्याच्या पिशवीत होते. जुनं नाव लिहिलेला एक कागद भिंतीवर लागला, तेव्हा त्याने फोटो काढला, तक्रार दिली, आणि कागद दुपारपर्यंत उतरला. त्याच शिफारशींतल्या अटीही आधी बघून घ्याव्यात. हजेरी ७५ टक्के लागते, वयाची मर्यादा असते. उपचारांमुळे किंवा घरच्या विरोधामुळे ज्यांची वर्षं गेली, त्यांना या अटी अचानक आडव्या येतात. छाननीच्या दिवशी ते कळलं तर फार जिव्हारी लागतं.

तो निवडून आला. त्यानंतर जे सुरू झालं त्याची कल्पना उमेदवारांना क्वचितच असते. रात्री दोन वाजता फोन, "घरच्यांनी बाहेर काढलंय." "जगावंसं वाटत नाही." प्रत्येक फोन तो उचलायचा आणि सकाळी वर्गात डोळे मिटायचे. मी त्याला म्हटलं, तू प्रतिनिधी आहेस, रुग्णवाहिका नाहीस. मग आम्ही एक पानी यादी केली. जिवाला धोका असेल तर ११२. मन फार खचलं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा, १४४१६, दिवसरात्र चालू. विद्यापीठाचा तक्रार कक्ष, समुपदेशन केंद्र, मदत करायला तयार असलेले दोन प्राध्यापक. हे पान त्याने आपल्या फोनवरच्या प्रोफाइलला लावलं. रात्रीचे फोन आता तो आणि आणखी तिघं पाळीपाळीने घेतात. त्यात मत देऊ न शकलेली ती पहिल्या वर्षाची मुलगीही आहे.