पावसाळ्यात कॅथरिन घळीकडे जाताना

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी आणि आमची महाविद्यालयात शिकणारी मुलगी येत्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात डार्विनहून भाड्याच्या गाडीने अ‍ॅलिस स्प्रिंग्जपर्यंत जाणार आहोत. वाटेत कॅथरिन घळीत कनू, म्हणजे वल्ह्यांची लहान होडी, चालवण्याची मुलीची फार इच्छा आहे. परंतु तेव्हा तिकडे पावसाळा असतो असे समजले. घळ वगळावी का? आणि रस्त्यावर कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : घळ वगळू नका, कनूचा बेत मात्र सोडून द्यावा लागेल. डार्विन आणि कॅथरिन ज्या प्रदेशात येतात त्या नॉर्दर्न टेरिटरीच्या उत्तर भागात साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस असतो. एरवी ही घळ, म्हणजेच निटमिलुक राष्ट्रीय उद्यानातील कॅथरिन नदीचे पात्र, एकामागून एक अशा 13 घळींची मालिका असते. दोन घळींच्या मध्ये खडक उघडे पडलेले असतात आणि बोटीने आलेले प्रवासी तिथे उतरतात, खडकांवरून चालत जातात आणि पलीकडच्या बोटीत बसतात. मोठा पाऊस झाला की हेच खडक पाण्याखाली जातात, वालुकाश्माच्या उभ्या कड्यांमधून गढूळ पाण्याचा लोंढा वाहू लागतो आणि त्या चढलेल्या पाण्याबरोबर खाऱ्या पाण्यातल्या मगरी खालच्या अंगाने वर येऊ शकतात. गोड्या पाण्यातल्या लहान मगरी तिथे बाराही महिने असतात आणि डिवचल्याशिवाय सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. खाऱ्या पाण्यातली मगर मात्र माणसावर हल्ला करते. म्हणूनच पावसाळ्यात तिथे पोहणे आणि कनू चालवणे बंद असते. पाणी ओसरल्यावर रेंजर नदी तपासतात, आढळलेल्या मगरी पिंजरे लावून पकडतात आणि त्यानंतरच ती पुन्हा खुली करतात. मुलीला हे कारण आधीच सांगावे, म्हणजे तिथे पोहोचल्यावर तिचा हिरमोड होणार नाही.

तरीही या दिवसांत घळ पाहण्यासारखी असते, असे माझे ठाम मत आहे. पर्यटक केंद्राजवळून बारुवेई कड्यावर चढणारी पायवाट खुली असेल, तर पहाटेच निघा, कारण थोडे ऊन चढले तरी दमट उकाड्यात चढण अंगावर येते. वरून भरलेली नदी आणि हिरवे झालेले पठार दिसते, जे कोरड्या महिन्यांत येणाऱ्यांना पाहायला मिळत नाही. बोटफेरी निघणार की नाही, हे पाण्याच्या पातळीवर ठरते. त्यामुळे त्याच दिवशी चौकशी करावी. ही जमीन 1989 मध्ये तिच्या मूळ मालकांना, म्हणजे जवोयन आदिवासींना, परत मिळाली आणि उद्यानाचा कारभार ते व टेरिटरी सरकार मिळून पाहतात. त्यांनी वाट बंद केली असेल, तर तो निर्णय निमूटपणे मान्य करावा.

आता रस्त्याविषयी. डार्विन ते कॅथरिन हे सुमारे 320 किलोमीटर अंतर स्टुअर्ट महामार्गाने, आणि तिथून घळीपर्यंतचे सुमारे 30 किलोमीटरही डांबरी सडकेने कापता येते. पण डांबर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. जानेवारी 1998 मध्ये एका विरलेल्या चक्रीवादळाच्या पावसाने कॅथरिन नदी 20 मीटरच्या वर चढली आणि कॅथरिन शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. नदीला वरच्या पठारावरून पाणी येते. त्यामुळे तुमच्या डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही पुढचा ओढा भरलेला असू शकतो. ओढ्यांच्या काठी आकडे रंगवलेले पांढरे खांब असतात आणि त्यांवरून पाण्याची खोली कळते. परंतु पाण्याखालचा रस्ता वाहून गेला आहे की नाही, हे खांब सांगत नाही. वाहत्या पाण्यात लहान गाडी 30 सेंटिमीटर खोलीलाही तरंगू लागते. म्हणून सडकेवरून पाणी वाहत असेल तर थांबा किंवा मागे फिरा. पुढची गाडी पार झाली हे आपण शिरण्याचे कारण होऊ शकत नाही. शिवाय भाड्याच्या गाडीच्या विम्यातून पाण्यामुळे झालेले नुकसान अनेकदा वगळलेले असते, तेव्हा करारातील ते कलम सही करण्यापूर्वी वाचावे.

रोज सकाळी निघण्यापूर्वी टेरिटरी सरकारचा रस्त्यांविषयीचा अहवाल आणि हवामान खात्याचे पूर-इशारे पाहावेत. अंधारात गाडी चालवू नये, कारण सडकेवरचे पाणी आणि मध्येच येणारी गुरे किंवा कांगारू वेळेवर दिसत नाहीत. दोन गावांच्या मधल्या लांब पट्ट्यांत मोबाइल चालत नाही. गाडीत पुरेसे पिण्याचे पाणी आणि एक दिवस पुरेल एवढे खाणे असू द्यावे. वेळापत्रकात कॅथरिनसाठी निदान दोन मोकळे दिवस धरा आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून परतीचे विमान त्या हिशेबानेच आरक्षित करा.